आबांच्या खांद्याला सोसेल अशी बंदूक

खालची वाडी, मलकापूरजवळ
१८ जानेवारी १९९८

चि. संग्राम यास,

सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर तुझ्या ओळखीचं नसेल. मी ज्ञानू, तुझ्या आक्काचा, शेवंताचा नवरा. तू घर सोडलंस त्याला सतरा वर्षं होत आली, म्हणून आधी ओळख देतो.

आक्का बारा ऑक्टोबरला गेली. कावीळ होती, उशिरा कळली. कोल्हापुरात दवाखान्यात पाच दिवस ठेवली होती. मी त्याच दिवशी तुझ्या जुन्या, भोपाळच्या पत्त्यावर तार केली. ती तीन आठवड्यांनी परत आली. इटारसीचा पत्ता मला माहीत नव्हता. गेल्या आठवड्यात तिचा शिवणाचा डबा उघडला, त्यात तुझी पाकिटं निघाली. वर ‘द्वारा शालूबाई, पिठाची गिरण’ असं लिहिलेलं. पत्रं मी वाचली नाहीत. मागचा पत्ता तेवढा उतरवून घेतला आणि दोरे, कात्री, बोटात घालायची दोन अंगुस्तानं होती तशी आत ठेवून डबा बंद केला. ती तुला लिहीत होती यात काही वावगं नाही. मला सांगितलं असतं तरी चाललं असतं, एवढंच.

कळवायला उशीर झाला, त्याबद्दल माफ कर.

आता दुसरी गोष्ट. आबांच्या बंदुकीची. तो विषय तुझ्याकडे काढावा की नाही याचा मी चार दिवस विचार केला. पण बंदुकीतलं मला काही कळत नाही आणि तुला कळतं.

आबांची ती जुनी दुनळी अजून आहे. परवाना पीकसंरक्षणाचा. आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे आबा बांधावर जातात, डुकरांना हाकलायला एक बार काढतात आणि घरी येऊन चहा घेतात. जनावर मारलेलं मी तरी कित्येक वर्षांत पाहिलं नाही. आक्का गेल्यापासून ते फक्त तेवढ्यासाठीच अंथरुणातून उठत होते. काडतुसं आक्काच घरी भरायची, तुम्ही दोघं लहानपणी भरत होतात तशीच. पितळी नळकांडी, दारू, छर्रे, वर मेण. ती गेल्यावर नोव्हेंबरात मी भरली. दारूचं माप खुंटीला टांगलेलं होतंच.

डिसेंबरात एकदा आबांच्या पाठीवर पाणी घालताना बघितलं तर उजवा खांदा काखेपर्यंत काळानिळा. विचारलं तर म्हणाले, “खाट लागली.” खाट अशी लागत नाही. ९० साली ते माळ्यावरून पडले, गळ्याजवळचं हाड मोडलं, तोच हा खांदा. बंदूक मागे लाथ मारते ती नेमकी तिथेच.

या महिन्यात निवडणुकीमुळे सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. जमा करताना आबांना ती टेबलावर उचलून ठेवता येईना. फौजदारांनी बघितलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, “बाबा, निवडणूक झाल्यावर बंदूक न्यायला याल तेव्हा माझ्यासमोर खांद्याला लावून एक बार काढून दाखवा. जमलं तर नूतनीकरणावर चांगला शेरा मारतो. नाही जमलं तर बंदूक इथंच राहू द्या.”

तेव्हापासून आबा भिंतीकडे तोंड करून पडून असतात. भाकरी अर्धी ठेवतात. परवा एवढंच म्हणाले, “बंदूक गेली म्हंजे आता उठायचं कशापाई, पावणं?”

चोवीस वर्षं मी या घरात घरजावई म्हणून राहतोय, ते मला अजून पावणंच म्हणतात.

तर मी ठरवलंय की आबांच्या खांद्याला सोसेल अशी बंदूक बघायची. जास्त महाग नको, माझ्या पेन्शनीत बसावी. तुला काही सुचलं तर कळव. मी तुला लिहिलंय हे आबांना माहीत नाही.

तुझा
ज्ञानू


८ फेब्रुवारी १९९८

चि. संग्राम,

सप्रेम जय भीम. तुझं उत्तर आलं नाही. कामाच्या पाळ्या असतील.

गुरुवारी आबांना घेऊन कोल्हापूरला गेलतो. आधी “मी न्हाय येत” म्हणाले. बंदुका बघायच्या आहेत म्हटल्यावर स्वतःच उठून दाढी केली.

बाजारात एका गल्लीत करीमभाई म्हणून बंदुका दुरुस्त करणारे आहेत. जुन्या विकायलाही असतात. दुकान आपल्या गोठ्याएवढं. त्यांनी आबांना स्टूल दिलं आणि विचारलं, “वय किती म्हणायचं?”

“बंदुकीचं इचारताय का माझं?”

“दोघांचं बी सांगा की.”

“ती माझ्यापरास बारा वर्षांनी धाकटी हाय. पर तिचा खांदा शाबूत हाय.”

त्यानंतर दोघांचं असं जमलं की मला बोलायला वाव राहिला नाही. मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते, ते तसेच खिशात राहिले.

करीमभाईंनी चार प्रकार दाखवले. पहिली मोठी रायफल. ती पीकसंरक्षणाच्या परवान्यात बसत नाही आणि किंमत ऐकून मीच हात मागे घेतला. पण आबांनी ती हातात घेतली, मांडीवर ठेवली आणि बराच वेळ दिली नाही. पलटणीत असताना आणि पुढे शिकारबंदीचा कायदा यायच्या आधी सांबराच्या मागे कुठं कुठं फिरले ते सांगत बसले. आंबा घाटाच्या रानात एका सांबरानं त्यांना पहाटेपासून दुपारपर्यंत चालवलं आणि शेवटी ओढ्याच्या पलीकडे उभं राहून त्यांच्याकडे बघत राहिलं. “म्या बी बगत ऱ्हायलो,” म्हणाले. करीमभाईंनी विचारलं, “मग?” आबा म्हणाले, “मग काय, त्येला घरला जायचं हुतं, मला बी.”

दुसरी बावीसची रायफल. हिला धक्का जवळजवळ नाहीच. काडतूस शेंगदाण्याएवढं. मला वाटलं, हेच पाहिजे. आबांनी बोटात धरून बघितलं आणि म्हणाले, “हिच्या आवाजानं डुक्कर उठंल व्हय? उंदीर तरी उठंल का?” करीमभाई हसले. आबा मात्र हसत नव्हते. म्हणाले, “आन् चुकून लागली तर? मरायचं न्हाय. चार दिस कुजत फिरंल. तसली न्हाय पायजे मला.”

तिसरी वीस बोअरची, विलायती, छान होती. तिला काडतुसं कोल्हापुरात मिळत नाहीत.

चौथी साधी एकनळी, वजनाला अगदी हलकी. मला ती पसंत पडली. म्हातारा माणूस, हलकी वस्तू बरी. करीमभाई म्हणाले, “सायेब, हलकी बंदूक जास्त मारती. जड असली तर धक्का तिच्या अंगातच मुरतो.” मला ते पटलं नाही. मला वाटलं दुकानदार आहेत, महागातली गळ्यात घालायला बघतायत. दस्त्याला रबर लावून मिळेल का विचारलं. लावून मिळतं, पण मग दस्ता लांब होतो आणि आबांचा हात आखूड पडतो.

काही ठरलं नाही. येताना स्टँडसमोर आबांनी दोन लोणी डोसे खाल्ले. गाडीत म्हणाले, “पावणं, पुन्यांदा जाऊया की. अजून ठरलं न्हाय आपलं.” त्यांना ठरवायची घाई दिसली नाही.

आक्काचा चष्मा अजून खिडकीत आहे. हलवायचं काही कारण पडलं नाही.

ज्ञानू


२२ मार्च १९९८

चि. संग्राम,

सप्रेम जय भीम.

निवडणूक झाली. फौजदारांनी जयंतीच्या बंदोबस्तामुळे आपली तारीख १६ एप्रिल दिली आहे. तोवर बंदूक ठाण्यातच.

आपल्या शेजारच्या वाडीतल्या गुंडूकडे तशीच हलकी एकनळी आहे, त्याला ती परत मिळाली. मी विचार केला, विकत घेण्याआधी एकदा उडवून बघावी. गुंडू स्वतः बंदूक घेऊन रानात आला. परवानाधारक जवळ उभा होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. तहसीलदार कचेरीत तीस वर्षं काढली, सवय जात नाही. काडतूस मी भरलेलं.

आबांनी खांद्याला लावली, डोळा मिटला, बार काढला आणि भुईमुगात बसले. पडले नाहीत, बसले. दोन्ही पाय समोर पसरून, बंदूक मांडीवर, टोपी मागे सरीत.

गुंडू म्हणाला, “आबा, डुक्कर न्हाई मेलं, पर भुईमूग चांगला दाबला गेला.”

आबा खाली बसूनच म्हणाले, “ह्यो पावण्यानं निवडलेला माल हाय. मला उठवा आदी.”

आम्ही तिघंही हसलो. मी शेवटचा कधी हसलो ते आठवत नव्हतं. घरी आणून खांद्याला हळद लावली. करीमभाई बरोबर होते आणि मी चुकलो. तुला हे कळवण्यात मला कमीपणा वाटत नाही.

हळद लावताना आबा आपणहून बोलले ते तुला सांगायला हवं. पंधरा दिवस लिहू की नको करत होतो. सतरा वर्षांत त्यांनी तुझं नाव माझ्यासमोर घेतलं नव्हतं. बावीसच्या रायफलीवरून गोष्ट तू घर सोडलंस त्या वर्षीच्या शिकारीवर गेली. म्हणाले, “त्यानं भेकर मारलं म्हणून म्या चौकीवर गेलो न्हाय. मारलं अस्तं तर दोन लाथा घातल्या अस्त्या आन् सोडलं अस्तं. मादी हुती, अर्दी मारून सोडून आला. दुसऱ्या दिशी दुपारी मला सापडली ती, करवंदीच्या जाळीत. जिती हुती. पोटात पिल्लू हुतं. ती बगून सरळ चौकीवर गेलो. घरला आलो अस्तो तर त्येला मारूनच टाकला अस्ता.”

मी हळद लावत राहिलो. तुझी बाजू मला माहीत नाही आणि विचारायचा मला अधिकारही नाही. गावात त्या वेळी वेगळं बोललं गेलं होतं, की आबांनी कायद्याच्या भीतीनं मुलाला पकडून दिला. तू तेच ऐकून गेला असशील, म्हणून कळवलं.

आता पंचवीस दिवस उरलेत आणि हाती बंदूक नाही. पैसे मी बँकेतून काढून ठेवलेत, पण काय घ्यावं तेच कळत नाही. आबांचं तिसऱ्यांदा कोल्हापूरला जायचं चाललंय. माझा धीर मात्र सुटत चाललाय. आबांची पहाट गेली की आबा जातील, आणि मग मी या घरात कोण म्हणून राहायचं याचाही मला विचार करावा लागेल. हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

ज्ञानू


५ एप्रिल १९९८

चि. संग्राम,

सप्रेम जय भीम.

तुझं कार्ड काल मिळालं. शालूबाईच्या गिरणीवर आलं, तिनं पदराखाली लपवून आणून दिलं. तिला सवय असावी.

आक्काबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं.  पुढच्या ओळी मात्र माझ्या पाठ झाल्यात. ‘नवी बंदूक घेऊ नका. आबांचा खांदा मोडल्यापासून आक्का दारू कमी घालत होती. खुंटीचं माप ती वापरत नव्हती. तिनं स्वतःचं केलं होतं. मला लिहिलं होतं. ते शोधा.’

मी सगळं घर शोधलं. फडताळ, माळा, तांदळाची कणगी, देव्हाऱ्याऐवजी बाबासाहेबांचा फोटो आहे तिथली फळी. मापासारखं काही सापडेना. संध्याकाळी नुसताच शिवणाचा डबा घेऊन बसलो. दोन अंगुस्तानं. एक आतून चकचकीत, बोटानं घासलेलं. दुसरं आतून काळं. नाकाशी धरलं तर दारूचा वास.

जानेवारीत तुझा पत्ता काढताना हेच अंगुस्तान मी हातात घेऊन बाजूला ठेवलं होतं. शिवणाच्या डब्यात शिवणाचं सामान असणार, याच्यापलीकडे मी बघितलं नाही. कचेरीत आयुष्यभर हेच केलं, ज्या फायलीवर जे नाव असेल तेच तिच्यात असणार असं धरून चाललो. आणि ती आठ वर्षं माझ्या शेजारी बसून काडतुसं भरत होती. मी पेपर वाचत असायचो.

म्हणजे डिसेंबरातला तो काळानिळा खांदा माझ्या हातचा. बंदूक होती तीच होती.

आज सकाळी एकटाच कोल्हापूरला जाऊन आलो. करीमभाईंनी अंगुस्तान दारूनं भरून तराजूत तोललं. मग म्हणाले, “कुणी काढलं ह्ये माप?” मी सांगितलं. म्हणाले, “बरोबर हाय. आवाज ऱ्हातो, लाथ जाती. मला इचारलं अस्तं तर ह्येच सांगितलं अस्तं.” अंगुस्तान परत देत म्हणाले, “गिऱ्हाईक गेलं माझं.” चहा मात्र त्यांनीच पाजला.

आबांना मी काही सांगितलेलं नाही. काडतुसं भरून ठेवली आहेत.

ज्ञानू


१७ एप्रिल १९९८

चि. संग्राम,

सप्रेम जय भीम.

काल झालं ते सगळं लिहितो. लांबेल.

आबांनी पलटणीतलं पदक कोटाला लावलं होतं. मी नको म्हटलं, ऐकलं नाही. ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत फौजदार, दोन शिपाई आणि आम्ही दोघं. शिपायानं दुनळी आणून दिली. आबांनी ती उघडून नळीतून आभाळ बघितलं आणि म्हणाले, “तेल न्हाई लावलं कुणी.” फौजदार म्हणाले, “बाबा, इथं माणसांना तेल मिळत न्हाई.”

मी काडतूस दिलं. आबांनी ते नळीत घातलं. त्यांनी बंदूक खांद्याला घेतली. समोर टेकाडाची माती. बार झाला. आबा जागचे हलले नाहीत. दस्ता खांद्यात जरा दबला आणि परत आला, कुणी पाठीवर हात ठेवावा एवढाच.

आबा काही वेळ बंदूक तशीच धरून उभे राहिले. मग खाली केली, नळकांडं काढलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. फौजदारांना वाटलं धुरानं.

मग फौजदार आत बसून शेरा लिहायला लागले. विचारलं, “घरात बंदूक सांभाळणारं दुसरं कोण आहे?”

मी जावई आहे असं सांगणार होतो. आबा आधी बोलले. “दोन पोरं हायत की. एक ह्यो हितं हाय. एक इटारशीला असतो.”

संग्राम, इटारसीचं नाव मी आबांपुढे एकदाही काढलेलं नव्हतं.

ठाण्यातून बाहेर पडलो. बंदूक माझ्या खांद्यावर. बाजार ओलांडला. पुलावर आबा कठड्याला टेकले आणि म्हणाले, “माप कुठं गावलं?”

मी म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“पन्नास वर्षं बार काढतोय म्या. आवाजावरनं कळत न्हाय व्हय? पयल्याच दिशी कळलं.”

“मग बोलला का नाहीत? मी तीन महिने बंदुका शोधत फिरलो.”

“तिनं लपवलं हुतं. मग म्या कशाला उघडं करू?” मग जरा हसले. “आन् तुमी फिरवत हुता, मला बरं वाटत हुतं. तुमाला बी.”

खरं आहे ते.

मी विचारलं, “आणि इटारसी?”

 पुलाखाली बायका कपडे धूत होत्या, त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “टपालवाला रानाकडनंच येतो. पाकीट माझ्याच हातात द्याचा. म्याच शालूबाईकडं गिरणीत टाकून याचा. तिला बजावलं हुतं, मी दिलं म्हणू नगंस. शेवंताला वाटायचं, म्हाताऱ्याला काय ठाव न्हाई.”

म्हणजे संग्राम, तुझं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या हातात यायचं. एकही फोडलं नाही. नुसतं अक्षर बघायचे म्हणाले. “हात थरथरत न्हाय पोराचा. ठीक चाललं असंल.”

आणि मग ते जे बोलले ते त्यांनी मला लिहायला सांगितलं आहे. अक्षरशः लिही म्हणाले, म्हणून लिहितो.

“शेवंता गेली त्या दिशी तुमी तार लिवत हुता, भोपाळची. म्या शेजारी बसलो हुतो. ती तार चुकीच्या गावाला चाललीय ह्ये मला ठाव हुतं. तोंड उघडलं न्हाय. त्यो आला अस्ता तर त्येच्याकडं बगायचं कसं, ह्येच डोस्क्यात. त्येची भन हुती. ती त्येला बगाय मिळाली न्हाय, ती माझ्यामुळं. भेकराचं माझं बरोबर हुतं. ह्येचं न्हाय. त्येला लिवा, आबाचं चुकलं.”

मी म्हटलं लिहितो. मग घरच्या वाटेला लागलो. मध्ये एकदा म्हणाले, “ज्ञानू, बंदूक दुसऱ्या खांद्यावर घे, रग लागंल.” हे मी कळवलं नसतं तरी चाललं असतं, पण कळवावंसं वाटलं.

आज पहाटे ते उठले, बांधावर गेले, बार काढला, चहा घेतला. डुकरं ओढ्यापलीकडे गेली. सकाळी मला बसवून आणखी काडतुसं भरून घेतली. मी अंगुस्तानानं दारू घालत होतो, आबा शेजारी बसून मेण लावत होते. सहा झाली. त्यातलं एक त्यांनी उचललं, कोटाच्या बाहीनं पुसलं आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. मी विचारलं, हे कशाला वेगळं? म्हणाले, “राहू दे. भुईमूग काढायला मानूस लागतंय. कोन आलं, तर एक बार त्येच्या हातनं हुंदे.”

भुईमूग मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघेल. तुला रजा मिळते का ते मला माहीत नाही. कोल्हापूरहून रत्नागिरीकडच्या कुठल्याही गाडीत बस आणि मलकापूरला उतर. स्टँडवरून आपल्या वाडीची वाट तशीच आहे, फक्त पूल नवा झालाय. बरोबर कुणी असेल तर त्यांनाही आण. आक्काच्या डब्यातली तुझी पाकिटं मी एका दोऱ्यानं बांधून ठेवली आहेत, ती तुझी आहेत.

यापुढे पत्र गिरणीच्या पत्त्यावर टाकायचं काही कारण नाही. घरच्या पत्त्यावर टाक. आबा रानात असतील तर टपालवाला त्यांच्या हातात देईल.

तुझा
ज्ञानू